पर्यागा-कौसाचा एक कोयता

उसाच्या फडात पाचट पडतंय, कुनी गोळा करत न्हाई, पन पाय टाकला की कुरकुर वाजतंय. टोळीतल्या गोष्टींचं बी तसंच हाय. मी काय लिवनारा मानूस न्हाई, सही करायची म्हनली तरी आदी जीभ भाईर काढावी लागती. अक्षराला हसा, गोष्टीला हसू नका. न्हाई, गोष्टीला बी हसा.

आमचं गाव झरीच्या आल्याड. दिवाळी झाली की बारा कोयते ट्रकात बसून कारखान्याकडं निघायचे. आमच्यात जोडप्यालाच कोयता म्हनतेत. नवरा ऊस तोडनार, बायकू मोळी बांधून डोक्यावर वाहनार, दोघं मिळून एक कोयता.

त्यातला एक कोयता दोन बायांचा व्हता. पर्यागा नवऱ्यानं टाकलेली, उंच, हाडापेरानं मजबूत. कौसा तिच्याहून बारकी, नवरा लग्नाच्या दुसऱ्याच वर्साला वारलेला. दोघी एका घरात ऱ्हायच्या. कौसाचा भाऊ तिचा कुन्या बिजवराशी पाट लावायला टपलेला. दोघींच्या जिवाला एकच घोर, तो कवा येईल आन कौसाला घेऊन जाईल.

*

पैल्या वर्साला मुकादम वही घेऊन पारावर बसला. एकेक जोडी लिवायलाता. ह्या दोघी म्होरं आल्या. पर्यागा म्हनली, "आमचा एक कोयता लिवा."

"कोयता म्हंजे नवरा-बायकू," मुकादम म्हनला. "तुमच्यात नवरा कोन?"

"सोमवारी मी तोडीन, ही मोळी वाहील. मंगळवारी ही तोडील, मी वाहीन. लिवा तसं."

"आन रैवारी?" मी मधीच काडी घातली.

"रैवारी दोघी बी बायका. धुनं लय पडतंय."

मुकादमानं त्या दिवशी तीन बिड्या उलट्या तोंडानं पेटवल्या. शेवटी दोन्ही नावं एका वळीत लिवली आन म्हनला, "ऊस तुटल्याशी मतलब."

*

फडावर कारखान्याचा चिटबॉय यायचा, गाडी भरली की चिठ्ठी देनारा. नवाच मानूस, लय अदबीचा. लुगड्याचा काष्टा, वरून सदरा, डोक्याला फडकं, आसल्या येशात लांबून बाई-गडी कळत न्हाई. त्यानं मला इचारलं, "नाना, कौसाबाईचे मालक कुठं दिसत न्हाईत?"

मी म्हनलं, "ते काय, मोळी घेऊन चाललेत. लय कडक मानूस हाय. नजर वर करून बोलू नका."

त्यानं खरं धरलं. रोज टोपी काढून खाली मान घालून म्हनायचा, "राम राम, पाव्हनं." पर्यागा कवा डोक्यावरल्या मोळीखालून, कवा उसाआडून नुसती हुं करायची. चौथ्या दिवसापासून तो मालकासाठी बिडीबंडल आनायला लागला. त्यांच्या हातात द्यायची हिंमत न्हाई, म्हनून माझ्याजवळ द्यायचा.

त्या शिझनला मी एक बी बिडी इकत घेतली न्हाई.

*

शिझन सपल्यावर एका शनवारी दोघी पोखर्नीला नरसिंवाच्या दर्शनाला गेल्या. सांजच्याला परत आल्या तर दोघींच्या बी गळ्यात हार.

माझ्या बायकूनं, गयाबाईनं, दारातच धरलं. "काय गं कौसा, ह्ये काय?"

"लगीन लावलं, वैनी."

"कुनाशी?"

कौसानं पर्यागाकडं बगितलं. गयाबाईनं बी बगितलं. मी बी बगितलं. दावणीची म्हैस बी बगायली.

"बाई-बाईचं लगीन? आन लावलं कुनी?"

"आमीच."

"भटजी कुठं गेलता?"

"जेवायला," पर्यागा म्हनली. "त्याची वाट बगितली आस्ती तर पाचची यष्टी हुकली आस्ती."

गयाबाई घरात गेली, भाईर आली, परत घरात गेली. शेवटी वाटीत साखर घेऊन आली, दोघींच्या तोंडात घातली, आन माझ्याकडं वळून म्हनली, "आपल्या लग्नाला तीन भटजी व्हते. काय फरक पडला?"

*

म्होरच्या दसऱ्याला कौसाचा भाऊ खरंच आला. संगं बिजवर, डोकं तेलानं चपचपीत. आमी चार मानसं ओसरीवर बसलो. भाऊ म्हनला, "बाईच्या जातीला आधार पायजे. ह्ये पाव्हनं आधार द्यायला तयार हायेत."

पर्यागानं चहा दिला आन बिजवराच्या म्होरं बसकन मारली. आमच्यात पोरीला इचारतेत तसं इचारायला लागली. "नाव सांगा. सैपाक येतो का?"

"न्हाई."

"मोळी उचलता का?"

"मानंत चमक हाय."

"ही तापली तर डोकं दाबून देता का?"

बिजवर भावाकडं बगाय लागला. "आमच्या घरात तसलं नसतंय."

"माझ्या घरात असतंय," पर्यागा म्हनली. "मंग मी हिला तुमच्याकडं धाडू कामून?"

बिजवरानं बशीतला चहा सपवला, मिशी पुसली, आन भावाला हळूच म्हनला, "बाईचं म्हननं खोडता येईना गड्या."

भाऊ तरातरा उठला. "मी सरकारात जातो. ह्याला कायदा हाय का न्हाई ते बगतो." त्यानं मला झरीचा जवळचा रस्ता इचारला. मी वढ्यातला सांगितला. गुडघाभर चिखल व्हता.

*

भाऊ सरकारात जानार म्हनल्यावर आमी आदी जायाचं ठरवलं. ग्रामशेवक चावडीत रेशनकार्डं लिवायलाता. आमी दोघींचं एक कार्ड करा म्हनलं.

"कुटुंबप्रमुख?"

"पर्यागा."

"कौसाबाईचं नातं?"

"बायकू," कौसा म्हनली.

ग्रामशेवकानं पेन खाली ठिवला. "भैन लिवतो."

"भैन न्हाई."

"नणंद लिवू?"

"नणंद कुनामुळं? मधी नवरा कुठाय?"

"मंग शेजारीन."

"शेजारनीला एका कार्डावर साखर देता का?"

ग्रामशेवक रडकुंडीला आला. "आवो बाई, इद्यापीठाचं नाव बदलायचं का न्हाई, एवढ्यावर सरकार इतकी वर्सं आडून बसलंय. आन मी तुमच्यापायी नवा रकाना पाडू?"

मंग चावडीत वादच लागला. मुकादम म्हनला, "लग्नात सरकारचं काय काम? पाट लागतो तवा तहसीलदार येतो का?" मी म्हनलं, "सरकारला लग्नाला बोलवूच नका. पंगतीला बसलं की उठत न्हाई." सगळे खो खो हसले. मला वाटलं मीच जितलो.

पर्यागा हसली न्हाई. "नाना, मला बी सरकारची हौस न्हाई. पन पावसाळ्यात कौसा तापानं फनफनली, दवाखान्यात नेली. तितं म्हनले, तू कोन? नात्याचं मानूस आना. नात्याचं मानूस म्हंजे तो भाऊ. दोन दिवस मी पायरीवर बसले, ही आतून हाका मारायलीती. तवा सरकारला मी कोन ते म्हाईत असतं तर काय बिघडलं असतं?"

मुकादमाचं बी खरं वाटायलं, पर्यागाचं बी खरं वाटायलं. लग्नात सरकार नको, आन ह्यांच्या लग्नाला पायजे. डोकं नुसतं गरगरलं. मी ग्रामशेवकाला म्हनलं, "सायब, माझ्या कार्डावर गयाबाई लिवली ना, तसंच लिवा. वायलं काय हाय ते मला तरी दिसंना."

त्यानं लय येळ इच्यार केला. खिडकीतून बगितलं, पंख्याकडं बगितलं, पंखा बंदच व्हता. मंग कार्ड भरलं, शिक्का मारला आन पर्यागाच्या हातात दिलं. मुकादमानं मोठ्यानं वाचलं. नात्याच्या रकान्यात लिवलंतं, "आहे."

*

त्याच साली दिवाळीनंतर ट्रक निघाला. देवगाव फाट्यावर चहाला थांबलो तर म्होरं कौसाचा भाऊ हुबा, संगं एक जमादार.

"हीच माझी भैन," भाऊ म्हनला. "फूस लावून न्यायलेत."

जमादार पिकल्या केसाचा, उनानं बेजार झालेला मानूस. त्यानं कौसाला खाली उतरवलं. मागं पर्यागा बी उतरली.

"लगीन झालंय का बाई?"

"झालंय."

"नवरा कुठाय?"

कौसानं पर्यागाला दाखवलं. जमादारानं दोनदा खालून वर बगितलं. "ही तर बाई हाय."

"मला म्हाईत हाय," कौसा म्हनली.

जमादारानं टोपी मागं सारली. "लग्नाचा कागद हाय का?"

"न्हाई."

"मंग सरकारच्या लेखी लगीन झालं न्हाई. भावाच्या हवाली करावं लागतंय."

कौसाचा चेहरा चुन्यासारखा झाला. भावानं तिचं मनगट धरलं. पर्यागा हात जोडून हुबी ऱ्हायली. त्या बाईला मी कदी कुनाम्होरं हात जोडताना बगितलं नव्हतं.

तवर आमची गयाबाई ट्रकातून खाली उतरली. "जमादार सायब, माझा बी कागद न्हाई."

"तुमचं वायलं हाय, माय."

"वायलं कसं? कागद न्हाई तर लगीन न्हाई, तुमीच म्हनला. मला बी माझ्या भावाच्या हवाली करा."

तिच्या मागं दुसरी उतरली. "माझा बी न्हाई." तिसरी उतरली. बगता बगता समद्या बाया रस्त्यावर, आन ट्रकात आमी गडी एकमेकाच्या तोंडाकडं बगायलो. मुकादम खाली-वर, खाली-वर. "आगं माय हो, कारखाना चालू झालाय की."

जमादार भावाकडं वळला. "तुमच्या बायकूचा कागद?"

"आमचं देवाबामनाम्होरं झालंय."

"कागद हाय का?"

"न्हाई."

जमादार फाट्यावरल्या दगडाकडं बगत बसला. मंग बारीक आवाजात म्हनला, "माझा बी न्हाई."

त्यानं घाम पुसला, डायरी काढली. "आता आसं करू. एकेकीला इचारतो. कुनासंगं ऱ्हायाचं ते तिनं सांगायचं आन त्याच्याजवळ जाऊन बसायचं. मी लिवून घेतो. आन तुमी," भावाला म्हनला, "तिचा हात सोडा आदी."

कौसा म्हनली, "पर्यागासंगं." जमादारानं लिवलं. दोघी ट्रकात चढल्या आन खेटून बसल्या. भाऊ सेलूच्या यष्टीकडं चालायला लागला.

बाकीच्या बाया लाजत लाजत चढल्या. कुनी नवऱ्याचं नाव घेतलं, कुनी नाव कसं घ्यायचं म्हनून बोटानं दाखवलं. शेवटी खाली एकटी गयाबाई ऱ्हायली.

"हं माय," जमादार म्हनला. "तुमाला कुनासंगं ऱ्हायाचं?"

मी ट्रकातून हात वर केला. ड्रायवरनं हारन वाजवला. मुकादम म्हनला, "वैनी, लौकर बोला."

"थांबा की," गयाबाई म्हनली. "तीस वर्सांत पैल्यांदा कुनी इचारलंय. इच्यार करू द्या."