ट्यूबवर नंबर नव्हता

मंडळी, आज दुपारी मी नुसती बोलणी खाल्ली!

डहाणूत एका रक्तपेढीत मी टेक्निशियन आहे. तलासरीकडच्या पाड्यावरची सुनीता (नाव बदललंय) काल बाळंत झाली. अंगात रक्त फार कमी, म्हणून आज पिशवी चढवायची होती. तिचा नवरा सॅम्पल घेऊन आला. ट्यूबवर फक्त ‘सुनीता’. आडनाव नाही, केसपेपरचा नंबर नाही. मी नवीन सॅम्पल मागितलं.

"ताई, तिला चक्कर येतेय, आणि तुम्ही मला परत पाठवता?" तो रडकुंडीला आला.

लगेच वॉर्डातून सिस्टरचा फोन. "एका नंबरासाठी किती अडवतेस गं!"

मी हटले नाही. नवीन सॅम्पल आल्यावर दोन्ही तपासली. पहिलं बी ग्रुपचं, दुसरं ओ! पहिलं शेजारच्या खाटेवरच्या दुसऱ्या सुनीताचं निघालं. बी रक्त हिला चढलं असतं, तर जिवावरच बेतलं असतं.

सिस्टर म्हणाली, "बरं, आता तरी लवकर दे."

जुळवून रक्त दिलं. संध्याकाळी नवरा सांगून गेला, "ताई, उठून बसली ती."

त्याला वाचता येत नाही, त्याला काय बोलणार? पण ज्यांना येतं, त्यांना चार आकडे लिहायला असा किती वेळ लागतो हो?