दसऱ्याची तारीख टाकलेलं कार्ड

टीव्हीची गॅरंटी कुठल्या दिवसापासून धरतात, हे मला अकरावीत असताना कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं.

बाबा भिवंडीतल्या एका शाळेत क्लार्क होते. रंगीत टीव्ही घ्यायला ते मला घेऊन निघाले ते नेमके पितृपक्षात, कारण दसऱ्याच्या गर्दीत हवं ते मॉडेल उरणार नाही असं दुकानदाराने बजावलं होतं. आईचं म्हणणं एकच होतं, या पंधरवड्यात घरात नवी वस्तू आणायची नाही. बाबांनी दुकानात ती अडचण सांगितली तर दुकानदार हसायलाच लागला.

"साहेब, सेट फॅक्टरीतून कधी निघाला, गोदामात किती महिने पडला, कंपनी काही बघत नाही. मी कार्डावर तारीख टाकून शिक्का मारला की तिथून एक साल. बोलो, दसरा लिख दूँ?"

बाबा खूश. बिलावर दसरा, कार्डावर दसरा. घरी येऊन त्यांनी कार्ड आईपुढे धरलं. "वस्तू अजून घेतलेलीच नाही. नुसती ठेवायला आणलीय."

"कंपनीला फसवाल," आई म्हणाली, "पितरांना कसं फसवाल?"

तिने खोक्यावर जुनी चादर टाकली आणि त्या कोपऱ्यात झाडू मारणंही सोडलं. चादरीखाली कुणी आजारी माणूस बसलाय असं मला वाटायचं. पाणी प्यायला उठले तरी तिकडे बघत नसे.

तरी ते उघडलं मीच. आजोबांच्या श्राद्धाला आई-बाबा गावी, दिघाशीला गेले, मी अभ्यासाचं निमित्त काढून मागे राहिले. खोक्याची चिकटपट्टी ब्लेडने अलगद सोडवली, जुन्या टीव्हीच्या अँटेनाची वायर जोडली. स्टॅबिलायझर दुसऱ्या खोक्यात होता, तो काढायचा कंटाळा केला. भिवंडीत राहून हा मूर्खपणा! शिफ्ट संपताना आजूबाजूच्या कापड कारखान्यांतले लूम एकदम थांबले की व्होल्टेज चढतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. दहा मिनिटं झकास चित्र दिसलं. मग बाहेरचा खडखडाट थांबला. डोक्यावरचा बल्ब पांढराफटक झाला, टीव्हीत फट्‌कन आवाज झाला आणि जळका वास सुटला. ते दोघं परत यायच्या आत सगळं होतं तसं भरून ठेवलं.

दसऱ्याला आईने टीव्हीला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. बाबांनी बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. आई दोन पावलं मागे सरकली.

मेकॅनिकने मागचं झाकण काढलं. "काका, हा जळलाय. आधी लावला होता काय?"

"खोकं आज फोडलंय," बाबा म्हणाले. त्यांच्या परीने ते खरंच बोलत होते.

मेकॅनिकने कार्ड पाहिलं. गॅरंटीचा पहिलाच दिवस. पुढे काही न विचारता कंपनीने आतला जळका भाग फुकट बदलून दिला. कंपनीचं समाधान झालं, आईचं झालं नाही. "आपण तारीख बदलली, पितरांनी दाखवून दिलं," ती म्हणाली. त्याच क्षणी मी तोंड उघडायला हवं होतं. आज सांगू, उद्या सांगू करत राहिले. भेकड होते मी, दुसरं काय!

थंडीत लकव्याने बाबांची उजवी बाजू गेली. आई दिघाशीला जाऊन पितरांची माफी मागून आली. बाबा आधी तिच्या या गोष्टींना हसायचे. आता हसत नव्हते.

एका दुपारी मी त्यांना वरणभात भरवत होते. जड जिभेने ते म्हणाले, "मी घाई केली नसती, तर हे झालं नसतं ना गं?"

"तसं काही नसतं, बाबा," मी म्हणाले. त्यांना ते पटलं नाही. कसं पटणार? टीव्ही कुणी जाळला ते मी सांगितलंच नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले आणि मी पुढचा घास कालवायला लागले.

दोन वर्षांनी ते गेले. जाईपर्यंत स्वतःलाच दोष देत होते.