मंगळवारची गोळी

लेकीची वेणी घालायला बसले की बोटं मिटायची नाहीत. कणीकसुद्धा सासूबाईच मळायच्या. पस्तिशीही उलटली नव्हती माझी. देवीपुढं बसून रोज एकच विचारायची, "आई, हे हात मला राहतील का गं?"

धाराशिवच्या डॉक्टरांनी समजावलं होतं, "ही सांध्यांची सूज बोटं वाकडी करते. ही गोळी आठवड्यातून एकदाच, रोज नाही. गुण यायला महिने लागतील, पण बोटं वाचतील. वार तुम्ही ठरवा." मी ऐटीत म्हणाले, "मंगळवार! देवीचा वार."

आता माझी हुशारी ऐका. मंगळवारी माझा कडक उपवास. गोळीनं तो मोडला तर? म्हणून गोळी डबीतच. बुधवारी घ्यावी, तर वार देवीला बोललेला! साबुदाण्याची खिचडी दोनदा चालायची, एवढीशी गोळी तेवढी चालत नव्हती. वर गुण येत नाही म्हणून देवीशीच अबोला. अशी दीडशहाणी मी.

चैत्रात येरमाळ्याला येडाईच्या यात्रेला गेलो. तिथल्या रानात सगळे चुनखडीचे खडे वेचून देवीला वाहतात. मीही वाकले. खडा चिमटीत येईना, आला तर निसटायचा. शेवटी मातीतच बसून रडले.

शेजारी एक म्हातारी आराधीण होती, गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी. तिची सगळी बोटं एका अंगाला कललेली, वाऱ्यानं लोळवलेल्या ज्वारीसारखी.

"बोटं दुखत्यात व्हय, लेकी? दवा घेती का न्हाय?"

मी उपवासाचं सांगितलं. ती खळखळून हसली. "आगं खुळे! मंगळवारी जोगव्याला कुणी परडीत पीठ घातलं, तर म्या म्हणते का, आज नगं, उपास हाय? आईच्या वारी आलेलं आईनंच दिलेलं असतंय. माझ्या वक्ताला ही गोळी कुणी सांगितली न्हाय. तुला सांगितली, तर तू झाकून ठेवती!"

मग त्याच वाकड्या बोटांनी तिनं खडे माझ्याकडं सारले. "मूठ मिटंना तर वंजळ कर की."

मी ओंजळ केली. खडे भरले.

पुढच्या मंगळवारपासून गोळी सुरू झाली. सांगितल्या वेळी रक्त तपासून घेत गेले. गुण सावकाश आला. आधी तांब्या धरता आला, मग लाटणं, मग लेकीची वेणी. करंगळी तेवढी वाकडी राहिली. नातवंडांना धमकवायला ती बरी पडते.

त्या बाईला नंतर दर चैत्रात शोधलं, दिसली नाही. ती कोण होती, यावर मी वाद घालत नाही. मागताना मी मूठ वळून देवीशी भांडत होते. घ्यायचं कसं, ते तिनं शिकवलं.

आजही मंगळवारी गोळी आधी देवीपुढं ठेवते. तिनं अजून चाखलेली नाही, शहाणी आहे. मग मी घेते. मूठ आता छान मिटते माझी. गोळी मात्र ओंजळीतच घेते.