चावीघराचा सर्व्हे

सर्व्हेच्या फॉर्मवर उत्तरासाठी एक चौकोन असतो. त्यात 'हो' किंवा 'नाही' एवढंच मावतं. माणसं मात्र अर्धा अर्धा तास बोलतात! चौकोनात न मावलेलं ते सगळं आमच्या डोक्यात साठतं, आणि संध्याकाळी कॉफी पिताना बाहेर पडतं. मॅडम म्हणतात, ते रिपोर्टात घालता येत नाही. म्हणून इथं घालतो.

आधी काम काय ते सांगतो. बेंगळुरूच्या काही गल्ल्यांत एका संस्थेनं 'चावीघर' सुरू केलं. गल्लीतलं एक भरवशाचं घर निवडायचं. तिथं भिंतीवर एक फळी, फळीला खिळे, प्रत्येक खिळ्याला नंबर. जिथं पिणं होणार अशा ठिकाणी निघालात, की आधी गाडीची चावी त्या घरात टांगायची, रिक्षानं जायचं, आणि चावी दुसऱ्या दिवशी सकाळीच न्यायची. यामुळं पिऊन गाडी चालवणं खरंच थांबलं का, ते तपासायला आमची तिघांची टीम. पुण्याच्या मॅडम मुख्य. नागपूरचा सारंग, आयटीतली नोकरी सुटल्यावर इकडे आलेला. आणि मी, गणू. नववीत शाळा सोडली, मग चार वर्षं टू-व्हीलरच्या गॅरेजात. आमचं घराणं इथं पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्यामुळं मला मराठी, कन्नड, हिंदी आणि शिव्या, चारही येतात. सारंग म्हणतो, "चौथीच कामाची आहे बे!"

हे काम मी का धरलं तेही सांगतो. माझा मोठा भाऊ, आमचा अण्णा, पाच महिन्यांपूर्वी गेला. त्या दिवशी त्यानं सकाळी चावी रीतसर चावीघरात दिली होती. मित्राच्या घरभरणीला रिक्षानं गेला, दुपारी पिऊन आला, आणि ड्युटीवर जायचंय म्हणून चावी मागायला लागला. चावीघरवाल्या अक्कांनी सरळ नाही म्हटलं. मग तो माझ्यामागे लागला. "दुसरी चावी काढ." मी नाही म्हटलं. त्यानं शिव्या दिल्या. आई गच्चीवर कपडे वाळत घालत होती, जिन्याचं दार उघडंच होतं. माझं डोकं फिरलं. खणातून चावी काढली आणि त्याच्या अंगावर फेकली. "घे! जा!"

तो गेला. इलेक्ट्रॉनिक सिटीच्या वाटेवर दुभाजकाला धडकला. एकटाच होता.

घरी मी हे कोणाला बोललो नव्हतो. मला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की दुसऱ्यांच्या घरी काय होतं? ते चावी देत नाहीत? की सगळेच देतात, आणि मरतो फक्त एखाद्याचाच भाऊ?

*

पहिल्याच आठवड्यात एका गल्लीतली फळी बघून मॅडम खूश! एक खिळा रिकामा नाही. त्यांनी चारी बाजूंनी फोटो काढले. "बघ गणू, याला म्हणतात सहभाग!"

मी फळीजवळ गेलो. गॅरेजात काढलेली वर्षं अशी वाया जात नाहीत.

"मॅडम, ही कपाटाची आहे."

"काय?"

"ही पाण्याच्या पंपाच्या खोलीची. ही सायकलच्या कुलुपाची. आणि ही ज्या मोपेडची आहे ती मोपेड आता भंगारातसुद्धा मिळत नाही."

चौकशी केली तर कळलं, ज्या गल्लीच्या सगळ्यात जास्त चाव्या, तिचं नाव गणपतीत माइकवरून सांगणार होते! मग काय, गल्लीची इज्जत म्हणून ज्याच्या घरात जी चावी हाताला लागली ती आली. चावीघरवाल्या आजी शांतपणे म्हणाल्या, "दिली ती टांगली. कसली आहे ते विचारणं बरं दिसतं का?"

तेवढ्यात एक गृहस्थ धावत आले. पूजेला बसायचं होतं आणि सोवळं कपाटात अडकलं होतं. आजींनी नियमावर बोट ठेवलं. "उद्या सकाळी."

ते कळवळून म्हणाले, "अहो, मी पिऊन आलो तर देऊ नका. कपाट कुठं प्यायलंय?"

*

फॉर्मातला सहावा प्रश्न: गेल्या महिन्यात तुम्ही पिऊन गाडी चालवली का? सगळ्यांचं उत्तर, नाही.

सातवा प्रश्न: तुमच्या गल्लीत कोणी चालवतं का? सगळ्यांचं उत्तर, "अय्यो, सगळेच!"

सारंग कागद उलटेपालटे करून म्हणाला, "मॅडम, म्हणजे या गल्लीत कोणीच पीत नाही आणि सगळे पितात. कसं लिहायचं?"

"दोन्ही लिही," मॅडम म्हणाल्या.

पण माझ्यासमोरचा पेच वेगळाच. एक साहेब सहाव्या प्रश्नावर छातीवर हात ठेवून "कधीच नाही" म्हणाले. त्यांच्या मागे दारात त्यांच्या बायकोनं तीन बोटं वर केली. मी साहेबांकडे बघितलं, मग बोटांकडे. साहेबांना संशय आला, त्यांनी वळून बघितलं. बाई लगेच त्याच हातानं पदर सारखा करायला लागल्या.

चौकोनात मी 'नाही' लिहिलं. बाजूला लहान अक्षरात लिहिलं, "मागे तीन बोटं."

मॅडमनी ते वाचलं आणि खोडलं नाही. नुसतं विचारलं, "आठवड्याला तीन की महिन्याला?"

मला परत जावं लागलं.

*

मॅडमनी मला एक गोष्ट शिकवली. नुसतं चावीघर असलेल्या गल्ल्या बघून चालत नाही. तसल्याच दुसऱ्या काही जागा शोधायच्या, जिथं चावीघर नाही. तिथं अजिबात हात लावायचा नाही, नुसतं मोजायचं. मग दोन्हींची तुलना. मला ते फार पटलं. गॅरेजातही एका गाडीचा आवाज चुकीचा आहे हे दुसरी चालू केल्याशिवाय कळत नाही.

सर्जापूर रोडवरचं एक मोठं अपार्टमेंट असंच 'हात न लावलेलं' म्हणून ठेवलं होतं. आम्ही मोजायला गेलो तर गेटवरच बोर्ड! 'चावी इथं जमा करा.' सिक्युरिटीच्या केबिनमध्ये फळी, खिळे, नंबर, वर एक छोटा कॅमेरासुद्धा!

सेक्रेटरी पुढं आले. मुंबईचे. हसत म्हणाले, "तुम्ही आम्हाला प्रोग्रॅममधून वगळलं, ते आमच्या ग्रुपवर कळलं. लोकांना इन्सल्ट वाटला. म्हटलं, आपणच सुरू करू, आणि त्यांच्यापेक्षा भारी करू! कसं वाटलं सरप्राइज?"

मॅडम मटकन खुर्चीत बसल्या. "आता मी तुलना कशाशी करू?"

सेक्रेटरींनी जरा विचार केला. "समोरचं अपार्टमेंट घ्या ना. तिथले लोक काहीच करत नाहीत. आम्ही कधीपासून सांगतोय!"

*

मल्लेश्वरमच्या एका गल्लीत चावीघर सांभाळतात ते रिटायर बस ड्रायव्हर. सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांचा नियम असा, की सकाळ झाली म्हणून चावी मिळत नाही. आधी सुईत दोरा ओवून दाखवायचा! ओवला तर चावी, नाही ओवला तर, "हात अजून कापतोय. बसनं जा." स्टॉप समोरच.

मी म्हटलं, "मामा, हे कुठल्या फॉर्मात आहे?"

"फॉर्मात नाही. हातात आहे. तू ओव बघू."

मी थेंबभर प्यायलो नव्हतो. तरी चार वेळा दोरा चुकला. मामांनी माझ्या बाइककडे बोट केलं, मग स्टॉपकडे. सारंग ती बाइक घेऊन गेला आणि मी बसनं! त्याला ओवायला सांगितलंच नाही, कारण तो चष्मा विसरला होता म्हणे.

दुसऱ्या दिवशी बाहेरच्या खोलीत मामींचं शिलाई मशीन दिसलं. मामी ब्लाउज शिवतात. मशीनशेजारी उशीवर पंधरा-वीस सुया, सगळ्या दोरा ओवलेल्या, रंगाप्रमाणे लावलेल्या.

मी मामींकडे बघितलं. त्या गालातल्या गालात हसल्या. "यांना वाटतं, ही आयडिया यांची आहे."

*

आता माझी चूक सांगतो. फॉर्मात बावीस प्रश्न होते. मला हवा तो एकही नव्हता. एके दिवशी राहवलं नाही. प्रत्येक फॉर्मच्या तळाशी पेनानं लिहिलं: 'चावीघरानं नाही म्हटल्यावर घरातल्या कोणी दुसरी चावी काढून दिली का? कोणी?' आणि विचारत सुटलो.

लोक आधी दार लोटून घ्यायचे. मग हळूहळू बोलायचे. एक ताई म्हणाली, "दिली. भाऊ आहे हो, मोठा आहे. मोठ्याला किती वेळ नाही म्हणणार?" एक आजोबा म्हणाले, "मी देतो. नाहीतर तो भांडी फेकतो." एका बाईनं पेन माझ्या हातातून काढून घेतलं. "माझं नाव लिहू नका. पण दिली."

त्या आठवड्यात जेवलो नीट. का ते माहीत नाही.

मॅडमनी फॉर्म बघितले आणि भडकल्या. "हा प्रश्न कोणाचा? असा मध्येच प्रश्न घुसवला तर आधीचे सगळे फॉर्म फुकट जातात, कळतंय का तुला?"

"कळतंय."

"मग का घुसवलास?"

"असाच. कळावं म्हणून."

अण्णा गेल्याचं त्यांना माहीत होतं. चावीचं नव्हतं. त्या बराच वेळ फॉर्म उलटत बसल्या. एक वाचायच्या, बाजूला ठेवायच्या, परत उचलायच्या. मला वाटलं, गेली नोकरी.

सोमवारी नवे फॉर्म आले. प्रश्न तेवीस. छापलेला.

*

घरं निवडतो कंप्युटर. नव्या फॉर्मसाठी त्यानं चिठ्ठी काढली आणि यादीत आमचंच घर आलं!

मॅडम म्हणाल्या, "सारंग जाईल. गणू, तू वाट दाखव, पण बाहेर बसायचं. घरच्या माणसासमोर लोक खरं बोलत नाहीत."

मी पायरीवर बसलो. आई आत अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत होती. तिनं सारंगला कॉफी दिली आणि मला हाक मारली. "बाहेर काय चोरासारखा बसलास? आत ये."

"नियम आहे आई."

"माझ्या घरात कुणाचा नियम? ये."

मी आत जाऊन भिंतीला टेकलो. सारंगनं माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. प्रश्न सुरू झाले. घरात माणसं किती, याला आई म्हणाली "तीन", मग थांबली, आणि म्हणाली "दोन." सारंगनं लिहिलेलं खोडलं. पुढची उत्तरं तिनं भराभर दिली. बाविसाव्यानंतर सारंगनं कागद उलटा केला.

"झालं काकू."

"मागे छापलेलं दिसतंय की."

"ते राहू द्या."

"का राहू द्या? सगळ्यांना विचारता ना? वाच."

सारंगनं खाली बघत वाचला. 'चावीघरानं नाही म्हटल्यावर घरातल्या कोणी दुसरी चावी काढून दिली का?'

आईचे हात थांबले नाहीत. शेंग मोडायची, दाणे सुपात, साल बाजूला.

"दिली."

सारंगनं पुढचा शब्द वाचला. "कोणी?"

"मी."

"आई..."

"तू गप्प बस. सारंग, याला काही विचारू नको रे. याला काही माहीत नाही. लिहिलंस?"

"हो काकू."

"दाखव."

सारंगनं फॉर्म तिच्यासमोर धरला. तिनं चष्मा लावला, चौकोनावर बोट ठेवून वाचलं आणि मान हलवली.

"सरी, ठीक आहे," ती म्हणाली आणि सूप माझ्याकडे सरकवलं. "आता आलाच आहेस आत, तर अर्ध्या तू सोल."