माठाखालची वाळू

माझा कार्यालयातला सहकारी अक्कलकुव्याच्या वरच्या डोंगरातला. आमच्या सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार पाहायला आला तेव्हा घरच्या शेतातली स्ट्रॉबेरीची सहा रोपं ओल्या गोणपाटात गुंडाळून घेऊन आला.

“भाऊसाहेब, फळं खा आणि रोपं विसरा,” तो म्हणाला. “आमच्याकडे मे महिन्यातही रात्री गोधडी लागते. तुमच्याकडे होळीनंतर भिंतीसुद्धा तापतात. ही काही जगत नाहीत.”

किती तापमानाला जगत नाहीत, ते त्याने सांगितलं नाही. माझ्या डोक्यात तेच राहिलं. एक तरी रोप पावसाळ्यापर्यंत न्यायचं, असं मी ठरवलं.

सुरुवातच चुकली. आमच्याकडे मिरचीचं रोप लावलं की बुंध्याला मातीची भर देतात. हाताला तीच सवय, म्हणून इथेही माती चढवली. पण स्ट्रॉबेरीची पानं जिथून फुटतात तो गड्डा मातीत गाडला गेला की कुजतो. तीन रोपं काळी पडून मऊ झाली, तेव्हा उरलेल्यांची माती बोटाने उकरली. मुळं आत, गड्डा बाहेर. एवढं समजायला निम्मी रोपं गेली.

फळं आली, करवंदापेक्षा जरा मोठी. आईने एक चाखलं आणि आंबटाने तोंड वाकडं केलं.

“हाई ते चिचनी बहीण शे.”

होळीनंतर गच्चीवरच्या दोन कुंड्या करपल्या. शेवटची मी ओसरीत माठाशेजारी आणून ठेवली, ती केवळ तिथे पाणी हाताशी असतं म्हणून. ती तगलेली पाहून मी तापमापक टांगला. दुपारी गच्चीवर सावलीत बेचाळीस, माठाजवळ पस्तीस. दोन-चारदा जागा बदलून पाहिलं, फरक राहिलाच. माठ पाझरतो, खालची वाळू ओली राहते, त्यामुळे तेवढ्या कोपऱ्यात गारवा असतो. हे समजलं.

पुढचं मात्र समजेना. रोपाने फुलं थांबवली आणि एक लालसर बारीक दांडी बाहेर काढली. तिला पानही नव्हतं. निरुपयोगी फुटवा समजून कापणार होतो, पण आधी सहकाऱ्याला फोन केला.

“कापू नका,” तो म्हणाला. “टोकाला पिल्लू येईल. ओल्या मातीला टेकलं की मुळं धरेल. तोवर ते आईचंच पाणी पितं.”

मी तिच्यासाठी मातीचा डबा भरून ठेवला. दांडी डबा ओलांडून गेली आणि माठाखालच्या वाळूत उतरली. तिथे दोन चिमुकली पानं उघडली. इकडे कुंडीतलं मूळ रोप कडेने वाळत चाललं होतं. म्हणजे आता सगळं त्या पिल्लावर होतं.

आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. त्या दिवशी आमच्या घरी वारलेल्या वडिलांच्या नावाने नवा माठ भरतात. जुनी वाळू उचलून नवी घालतात. मी आईकडे आठ दिवस मागितले.

“तुन्हा बाप आठ दिन बिगर पानीना ऱ्हाई का?” ती म्हणाली.

ती माठापाशी बसली, पिल्लू दोन बोटांत धरलं आणि मिरचीचं रोप तपासतात तसं हलकेच वर ओढलं. ते निघालं नाही.

“धरी लिधं शे. काप.”

मुळं किती लांब झाली ते मला आधी पाहायचं होतं. वाळू बाजूला करायला पट्टी आणायला उठलो.

“तू मापी ऱ्हायना, तोपावत आखाजी निंघी जाई.”

मी दांडी कापली. पिल्लू मूठभर वाळूसकट उचलून छोट्या कुंडीत लावलं, गड्डा वर ठेवून. माठ बदलला, कुंडी पुन्हा त्याच्याशेजारी आली. मे महिन्यात मूळ रोप गेलं. पिल्लाचंही एक पान गळलं. मधला कोंब हिरवा आहे का, एवढंच मी रोज वाकून पाहत असे. मृग लागून हवा निवली आणि त्या कोंबातून तिसरं पान उघडलं.

सहकाऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “सहा दिली होती.”

“हो. एक आहे.”

“इथे एक म्हणजे पुष्कळ झालं.”

यंदाच्या आखाजीला आईने नवा माठ मांडला. वाळू तिने कुंडीच्या बाजूला वीतभर जास्त पसरली होती. मी कुंडीतून निघालेली नवी दांडी उचलून त्या वाळूवर टेकवली.