लॅचमध्ये फिरणारी किल्ली

शेजारच्या फ्लॅटच्या लॅचमध्ये किल्ली फिरली की मला कर्वेनगरमधला माझा क्लास आठवतो. मुलांना मी स्वतःचे व्हिडिओ गेम बनवायला शिकवायचो आणि गेममधले आवाज घरूनच रेकॉर्ड करून आणायला लावायचो. कुणी कुकरची शिट्टी आणली, कुणी मिक्सर. सातवीतल्या एका मुलीने लॅच उघडल्याचा आवाज आणला. तिच्या गेममध्ये एक घर होतं. तो आवाज आला की दिवा घालवून लपायचं आणि सकाळ होईपर्यंत सापडायचं नाही. वर्गातलं एकही पोर त्यात जिंकलं नाही. शेवटच्या शनिवारी पालक गेम बघायला आले. तिचे वडील कडक इस्त्रीतले, हसतमुख. ते खेळले आणि लगेच हरले. "अहो सर, यात फायटिंग कुठंय? नुसतं लपून बसायचं?" मग मी तिच्या आईला बसवलं. त्या बाईंनी कीबोर्डला कधी हातही लावलेला नसावा. स्पीकरमधून लॅच वाजलं आणि त्यांचं हसू गेलं. त्यांनी दिवा घालवला, पलंग, कपाट सगळं सोडून थेट बाथरूममधल्या वॉशिंग मशीनच्या मागे गेल्या आणि सकाळ होईपर्यंत एकही बटण दाबलं नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मुलगी एकटक वडिलांकडे बघत होती. "मशीनच्या मागे होय," ते हसतच बायकोला म्हणाले, "मला सुचलंच नव्हतं." पुढच्या बॅचला ती मुलगी आली नाही. माझे शेजारी भले गृहस्थ आहेत, तरी त्यांची किल्ली फिरली की मी उठून खिडकीशी जातो आणि त्यांच्या घरातला दिवा चालू आहे ना, ते बघतो.