पॅसेंजरने आलेली पाहुणी

ब्रह्मपुरी मागे पडली आणि खिडकीतून धानाचे पुंजणे (कापलेल्या पिकाचे ढीग) दिसू लागले. मी निघाले होते इंग्रजांच्या काळातलं एक छोटं स्टेशन बघायला. लाल कौलं, दगडी कमान, आणि रुळाच्या तुकड्याची घंटा अजून टांगलेली! कमानीचा फोटो काढते न काढते तोच एका धोतरवाल्या भाऊंनी माझी पिशवी उचलली.

"चला जी बाई, घरी सारे वाट पाहून राह्यले."

गावात त्या दिवशी नाटक होतं. पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीत नाटकाला घरोघरी पाहुणे येतात, सोयरिकीही जुळतात. भाऊंच्या घरची रीत अशी, की जेवण झाल्याशिवाय पाहुण्याला नाव विचारायचं नाही. हे मला नंतर कळलं. तेव्हा पोटात कावळे ओरडत होते. खोटं कशाला बोलू, गप्प राहिले!

पाय धुवायला पाणी, मग गरम भात, वांग्याची भाजी, झिंगे (वाळवलेली बारीक कोळंबी). मी तीनदा वाढून घेतलं. मग नवी साडी नेसलेली त्यांची मुलगी सुपारी घेऊन आली आणि तिच्या आईनं विचारलं, "मंग, पोरगी पसंत हाये का जी?"

अगं बाई! मी तर नुसतं स्टेशन बघायला आले होते, तसं सांगून टाकलं, तेव्हा घोटाळा कळला. मुलाची मावशी याच गाडीने मुलगी बघायला येणार होती आणि तिला इथं कुणी पाहिलेलं नव्हतं. म्हणजे खरी मावशी स्टेशनवरच! ती रागावून परत गेली तर सोयरीक मोडलीच. भाऊंचा चेहरा उतरला. मुलगी मात्र म्हणाली, "बाबा, गाडी काढा."

भाऊ आणि मी मोटारसायकलवरून स्टेशनवर पोचलो. मावशी घंटेखालच्या बाकावर, परतीचं तिकीट हातात. "इतका वेळ झाला, कोनी नाई आलं!" त्या कडाडल्या.

मीच पुढे झाले. "मावशी, चूक माझी. तुमच्या वाटचं मी जेवले. पण परक्या बाईला नाव न विचारता तीनदा वाढणारं घर आहे हे. तुमच्या भाच्याला तिथं काय कमी पडेल?"

तेवढ्यात गाडी आली. मावशी उठल्या. भाऊंनी डोळेच मिटले.

"झिंगे उरले का सारे हिनंच खाल्ले?" असं म्हणत मावशींनी आपली पिशवी भाऊंच्या हातात दिली.

गाडीत मीच चढले. गाडी हलली तसे भाऊ खिडकीबरोबर धावू लागले. "ओ बाई! आता जेवन झालं ना? नाव सांगा, पत्रिकेवर लिवा लागन!"

ओरडून नाव सांगितलं, पत्ताही सांगितला. घरी आल्यापासून दार वाजलं की मी 'कोण?' म्हणायच्या आधी पाण्याचा तांब्या भरते. परवा वाजलं तेव्हा दारात पोस्टमन होता. पाणी प्यायला, आणि हळद लावलेली पत्रिका हातात देऊन गेला.